चौकातलं अभिनंदन

"सर, तुमची स्वतःची मुलगी कोणत्या शाळेत शिकते?"

प्रश्न विचारून तनुजा खाली बसली नाही. उभीच राहिली, कारण वर्गात सायली आणि प्रेरणा या मैत्रिणींनी पैज लावताना नुसतं विचारण्यावर भागवलं नव्हतं. उत्तर मिळेपर्यंत उभं राहायचं, अशी अट होती. दोघीही इथे बघायला नव्हत्या, पण तनुजा पैज सचोटीने खेळणाऱ्यांपैकी होती. शिवाय प्रवेश परीक्षा पास झाल्यापासून तिला कशाची म्हणून भीती वाटेनाशी झाली होती, आणि ही गोष्ट घरच्यांना फार महागात पडू लागली होती.

डोंगरवाट निवासी विद्यालयाच्या सभागृहात नववीची प्रवेश परीक्षा पास झालेली मुलं आणि त्यांचे आईबाप दाटीवाटीने बसले होते. आतापर्यंत सगळ्यांनी कसे गुणी प्रश्न विचारले होते. अंघोळीला गरम पाणी मिळतं का, दूध गाईचं की म्हशीचं, मुलं रडली तर फोन देता का. प्राचार्य थोरे सर प्रत्येकाला हसून उत्तर देत होते. आता मात्र त्यांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, परत चढवला आणि तिच्याकडे पाहिलं.

"नाव काय तुझं?"

"तनुजा त्रिंबक नरवडे. पडेगाव."

सरांनी समोरच्या कागदावर काहीतरी टिपलं. "मुलाखतीला येशील ना, तेव्हा बोलू," एवढंच म्हणाले आणि पुढच्या पालकाकडे वळले.

तनुजाच्या एका बाजूला बसलेले पप्पा चपलेचा अंगठा निरखू लागले. दुसऱ्या बाजूला आईने तिचा कुर्ता मागून असा काही ओढला, की ती बसली नाही, पडलीच.

घरी येईपर्यंत स्कूटरवर आईने कसाबसा दम धरला. दारात पाऊल टाकल्यावर मात्र आईने पर्सही खाली ठेवली नाही. "काय गरज होती गं? सरांनी नाव लिहून घेतलं. बघितलं का नाय?"

"चांगलंच झालं की. एवढ्या पोरांत माझंच लिहिलं."

"काट मारायला लिहिलंय ते," पप्पा म्हणाले. वाळूजच्या कंपनीत सुपरवायझर असल्यामुळे नावं कशासाठी लिहून घेतात, याचा त्यांना दांडगा अनुभव होता. "परवा मुलाखत, आणि आज ही अशी. झालं. वर्षभराची मेहनत पाण्यात."

तनुजाने हसून बघितलं, पण ते हसू फार टिकलं नाही. डोंगरवाट म्हणजे मोठी प्रयोगशाळा, खरोखरची धावपट्टी आणि रात्री तारे बघायची दुर्बीण. ती शाळा तिला इतकी हवी होती, की परीक्षेच्या आधी तिने मोबाईल स्वतःहून आईकडे दिला होता. अशी घटना त्या घरात आधी घडली नव्हती.

"भारतला फोन लावते," आई म्हणाली.

"कशाला?" पप्पा आणि तनुजा एकदमच बोलले. पण फोन लागला होता.

भारतमामाला यंदा नगरसेवक व्हायचं होतं. गेली कित्येक वर्षं त्याला यंदाच व्हायचं होतं. त्याने सगळी हकीकत ऐकून घेतली. "ताई, तू बिनघोर राहा. थोरे सर म्हणजे आपलेच. मी वळखतो त्यांना. म्हणजे त्यांना वळखणाऱ्याला वळखतो. दाजींना सांगा, टेन्शन घेऊ नका. असं काम करतो की सर नाय म्हणूच शकणार नाय."

"काय करणार हाईस?"

"ते माझ्यावर सोड."

सोडलं. घरादाराची ती चूक झाली.

मुलाखतीच्या दिवशी सकाळी पप्पा दूध आणायला चौकात गेले आणि पिशवी न घेताच परत आले. "शीला," त्यांनी उंबऱ्यावरूनच हाक मारली, "तुझ्या भावानं काय केलंय ते बघ चल. तनू, तूही चल."

चौकात दोन बांबूंवर भलंमोठं फ्लेक्स फडफडत होतं. मधोमध तनुजा. सहावीच्या स्नेहसंमेलनातल्या कोळी नाचाचा फोटो, नाकात नथ आणि डोक्यावर माशांची टोपली. खालच्या कोपऱ्यात थोरे सर, शाळेच्या वेबसाइटवरून उचललेले, हात जोडून. उरलेल्या सगळ्या जागेत मामा, गॉगल लावून, कानाला मोबाईल. आणि मोठ्या अक्षरांत: 'डोंगरवाट विद्यालयात निवड झाल्याबद्दल कु. तनुजा हिचे हार्दिक अभिनंदन. मार्गदर्शक: शिक्षणसम्राट मा. शिवराज थोरे सर. शुभेच्छुक: भारतभाऊ मित्रमंडळ.'

"निवड कुठं झालीय?" आई म्हणाली. तिने तिथूनच फोन लावला.

"बघितलं का?" मामाचा आवाज खुशीत होता. "सर रोज तिथूनच जातात, ताई. चौकात अभिनंदन झालेल्या पोरीला नापास करायची कुणाची हिंमत हाय? आणि त्यांचा फोटो बी टाकला. मान दिला की माणूस विरघळतो."

"आरं, मुलाखत आज हाय."

"मग? वेळेतच लावलं की."

फोन ठेवेस्तोवर चौकात माणसं जमली होती. किराणावाल्याने पप्पांचा हात हातात घेऊन हलवला. कुणीतरी पेढे कधी, म्हणून विचारलं. तेवढ्यात गर्दीतून गोकुळ औताडे पुढे आले. त्यांचा आकाशही मुलाखतीला जाणार होता. त्यांनी फ्लेक्स दोनदा वाचलं.

"त्रिंबकराव, यादी लागली व्हय?"

"नाय हो. कुठली यादी."

"मग निवड कशी झाली? आणि सर मार्गदर्शक? म्हणजे आतून जमवलं म्हणा की." गोकुळकाकांनी फ्लेक्सचा फोटो काढला. अंगठा भराभर चालू लागला. पालकांच्या ग्रुपवर तो फोटो पोचायला पेढे वाटण्याइतकाही वेळ लागला नाही.

"उतरवा आधी ते," आई पुटपुटली.

पप्पांनी किराणावाल्याची शिडी आणली. तनुजाने खालून धरली. पण मामाच्या मित्रमंडळाला इतर काही येत नसलं तरी फ्लेक्स बांधता येत होतं. तारेचे पीळ सुटेनात. पप्पा वर घामाघूम आणि खाली जाणारा-येणारा मदतीला तयार.

"डाव्या अंगाला सैल हाय, दाबून बांधा."

"बांधत नाय, सोडतोय," पप्पा वरून ओरडले.

"सोडताय कशाला? लई झकास दिसतंय पोरगी." असं म्हणून एका धिप्पाड माणसाने दुसऱ्या बांबूवर चढून डावी बाजू पक्की आवळून दिली आणि उतरून पप्पांकडे कौतुकाच्या अपेक्षेने बघितलं.

तेवढ्यात रस्त्याकडेला एक पांढरी गाडी थांबली. काच खाली आली. थोरे सरांनी आधी फ्लेक्सवरच्या थोरे सरांकडे पाहिलं, मग शिडीवर फ्लेक्सला मिठी मारून उभ्या असलेल्या पप्पांकडे, आणि शेवटी शिडी धरलेल्या तनुजाकडे.

"तनुजा त्रिंबक नरवडे," ते म्हणाले. "पडेगाव."

"हो सर."

"वडिलांना सांभाळून उतरव. मुलाखतीला तेही लागतात." काच वर गेली.

आईने शिडीच्या पायथ्याशीच बसकण मारली.

शाळेच्या व्हरांड्यात पोचले तेव्हा गोकुळकाका आणखी चार-पाच पालक घेऊन उभे होते. सगळ्यांच्या मोबाईलमध्ये तनुजा टोपली घेऊन नाचत होती. ती मान वर करून त्यांच्यामधून गेली. आत सरांनी तिघांना बसवलं.

"घरातले निर्णय कोण घेतं?" त्यांनी पहिलाच प्रश्न आईबापांना विचारला.

"हे घेतात," आई म्हणाली.

"ही घेते," पप्पा म्हणाले.

"आणि फ्लेक्सचा कुणी घेतला?"

दोघंही छताकडे बघू लागले. "मामानं, सर," तनुजा म्हणाली. "आम्हाला सकाळी कळलं. मी तुम्हाला तो प्रश्न विचारला ना, म्हणून सगळे घाबरले. मैत्रिणींनी पैज लावली होती. पण खरं सांगू, मलाही जाणून घ्यायचं होतं."

सरांनी समोरची फाईल मिटली. "माझी मुलगी हर्सूलच्या शाळेत जाते. इथली परीक्षा तिनं दोनदा दिली. दोनदा राहिली. घरी आठ दिवस माझ्याशी बोलत नव्हती." त्यांनी चष्मा काढला. "माझ्या मुलीला माझ्या शाळेत जे जमलं नाही, ते तुझ्या मामानं एका रात्रीत बांबूवर करून दाखवलं."

पप्पांनी घाईघाईने हात जोडले. सरांनी ते हातानेच थांबवले.

"गुणांनी तुझं नाव वर आहे, तनुजा. अडचण तीच आहे. आता तुला घेतलं, तर बाहेरचे म्हणणार फ्लेक्सनं घेतलं. नाही घेतलं, तर अन्याय मी केला." ते उठले आणि त्यांनी दार उघडलं. "या सगळे आत. औताडे, परीक्षेचा पेपर हा. यातलं कुठलंही गणित निवडा. ती फळ्यावर सोडवेल."

गोकुळकाकांनी पेपर वरपासून खालपर्यंत बघितला आणि लांबीवरून सगळ्यात मोठं गणित निवडलं. एक हौद, दोन नळ, खाली एक गळती.

तनुजाने खडू उचलला. पहिल्या दोन ओळी झरझर उतरल्या. तिसरीवर हात थांबला. गळती वजा करायची की अधिक? मागे कुणीतरी खाकरलं. आईच्या बांगड्या किणकिणल्या आणि एकदम गप्प झाल्या. इथे चुकलं तर चौकातलं सगळं खरं ठरणार होतं. तिने डोळे मिटले, हौद डोळ्यांसमोर आणला, त्यातून गळणारं पाणी बघितलं. मग तिसरी ओळ पुसली, नव्याने लिहिली आणि उत्तराखाली दोन रेघा ओढल्या.

"बरोबर?" सरांनी गोकुळकाकांना विचारलं.

काकांनी फळ्याकडे बराच वेळ पाहिलं. "दिसायला तर बरोबर दिसतंय."

"छान. आता दुसरं गणित आकाश सोडवेल. मग बाकीची मुलं."

"आकाशचा घसा बसलाय, सर."

"गणित हातानं सोडवायचंय."

"नाय, पण आमची काय तक्रारच नव्हती मुळात." काका दाराकडे सरकले. "आम्ही आपलं अभिनंदन करायला आलतो." बाकीच्यांनाही एकेक काम आठवलं. व्हरांडा रिकामा झाला.

सर टेबलाशी येऊन बसले. "सोमवारी सामान घेऊन या. वसतिगृहातच राहावं लागेल, घर कितीही जवळ असलं तरी. जागा घेताय की नाही, उद्या सकाळपर्यंत कळवा."

बाहेर आल्यावर तनुजाने व्हरांड्याच्या टोकापर्यंत धाव घेतली, गिरकी मारली आणि परत आली. आईबाप मात्र जिन्याच्या पायरीवर बसले होते, सुतकात बसावं तसे.

"सोमवारी म्हंजे लगेच की ओ," आई म्हणाली. "येवढीशी पोर. रात्री पांघरूण फेकून देती ती."

"मी काय म्हणतो," पप्पा घसा साफ करत म्हणाले, "आपली आत्ताची शाळा काय वाईट हाय? नायतर सरांना विचारू. मी रोज गाडीवर सोडीन, रोज आणीन. शिफ्ट बदलून घेतो."

"भारतला विचारायचं का?"

"नको," पप्पा म्हणाले. मग थोड्या वेळाने, "विचारून तर बघ. काही मार्ग निघतो का, पोरगी घरी ठेवायचा."

आईने पर्समधून फोन काढला. तनुजाने तो अलगद तिच्या हातून घेतला, परत पर्समध्ये ठेवला आणि चेन ओढली. मग ती दोन पायऱ्या खाली उतरून दोघांच्या समोर उभी राहिली.

"आई, पप्पा, माझं ठरलं. मी सोमवारी इथं राहायला येणार," ती म्हणाली. "तुम्ही दोघांनी माझ्याशिवाय घरात कसं राहायचं, ते उद्या सकाळपर्यंत कळवा."