शेवटच्या पन्हळीतला रस्सा

नुकाने रस्सा लपवायचं ठरवलं तेव्हा त्याला वाटलं, घटकाभराचं तर काम आहे. (नुकाचे सगळे घोटाळे घटकाभराच्या कामातूनच निघतात, असं त्याची आई म्हणते. आई हल्ली फारसं काही म्हणत नाही, पण एवढं अजून म्हणते.)

रस्सा होता त्याच्या थोरल्या भावाचा, एनोकचा. एनोक म्हणजे ग्रीनलंडच्या बर्फाच्या पार माथ्यावरच्या त्या ड्रिलिंग कॅम्पचा हरकाम्या. जनरेटर, स्लेज, स्टोव्ह, फावडी, गोठलेला संडास, सगळं त्याच्याच गळ्यात. शास्त्रज्ञ लोक बर्फात खोल भोक पाडायचे, पोटरीएवढ्या जाड बर्फाच्या कांड्या वर काढायचे आणि हजारो वर्षांपूर्वी हवा कशी होती ते त्यावरून सांगायचे. तोवर त्यांचे पाय गोठणार नाहीत हे एनोक बघायचा. गेल्या हंगामाच्या शेवटी स्वयंपाकीण आधीच्या विमानाने गेली आणि पातेलं एनोकच्या हाती आलं. त्याने सुआसात केलं. सीलचं मटण, कांदा, गाजर, तांदूळ घालून घरी आई करते तसा रस्सा. उरला. भांडी घासून बांधायची होती, म्हणून त्याने तो कांड्यांच्या एका रिकाम्या नळकांड्यात ओतला, दोन्हीकडून बुचं मारली आणि सामानाच्या भुयारात खोचून दिला.

घरी आल्यावर नुकाला म्हणाला, "पुढच्या वर्षी पोचलो की पहिलं काम म्हणजे तो रस्सा गरम करणार."

फेब्रुवारीत समुद्रावरचा बर्फ फुटला आणि एनोक स्नोमोबाइलसकट खाली गेला. गाडी सापडली. एनोक सापडला नाही. चर्चमागे पांढरा क्रूस उभा केला, त्याच्याखाली कोणी नाही.

नुकाने त्याच आठवड्यात फोन लावून दादाची नोकरी मागितली. "तुला काय काय येतं?" पलीकडून विचारलं. "दादाला येत होतं ते सगळं," नुका म्हणाला. (साफ खोटं. नुकाला फावडं येतं. शाळेनेही त्याला तेवढ्यावरच सोडलं होतं.)

कॅम्पवर उतरल्याबरोबर तो सामानाच्या भुयारात शिरला. नळकांडं जागच्या जागी होतं. तो रोज जाऊन त्याला हात लावून यायचा. खायचा विचार त्याने केला नव्हता. कसा करणार? तो रस्सा गोठलेला होता तोवर एनोकचं एक काम बाकी होतं. ज्याचं काम बाकी असतं तो माणूस परत येतो, असा नुकाचा साधा हिशेब. हा हिशेब चुकीचा आहे हे त्यालाही कळत होतं, पण दुसरा कुठलाच त्याला सोडवता येत नव्हता.

आणि मग आस्ताला, म्हणजे स्वयंपाकिणीला, साफसफाईचा झटका आला.

"गेल्या वर्षीचं सगळं बाहेर," ती कमरेवर हात ठेवून म्हणाली. "ओळखू येत नाही ते सगळ्यात आधी."

नुकाच्या पायाखालचा बर्फ सरकला. त्याने नळकांडं जाकिटात कोंबलं आणि वाट फुटेल तिकडे निघाला. वाट फुटली ती कांड्यांच्या भुयाराकडे.

खोलवरचा बर्फ वर आणला की ठिसूळ असतो, उगाच तडकतो. म्हणून त्याला वर्षभर नुसता पडू देतात. त्याला कोणी हात लावायचा नाही, कोणी काही विचारायचं नाही. नुकाला ही पद्धत फार आवडली होती. (त्याला स्वतःला असं कोणी पडू दिलं नव्हतं. दुसऱ्याच दिवसापासून सगळे म्हणायला लागले, ऊठ, जेव, बोल काहीतरी.) रस्सा ठेवायला ह्याहून चांगली जागा नव्हती. कांड्या पन्हळींमध्ये ओळीने निजवलेल्या होत्या. नळकांडं पन्हळीत मावेना, तेव्हा त्याने सुरीने ते उभं चिरून काढून टाकलं, नुसती तपकिरी कांडी अगदी शेवटच्या पन्हळीत निजवली, वर प्लास्टिक पांघरलं आणि शिट्टी वाजवत बाहेर आला. कित्येक महिन्यांनंतरची पहिली शिट्टी.

त्या कांड्यांचं वर्ष पुरं झालं होतं आणि दुसऱ्याच दिवशी त्या कापायला घेणार, हे कॅम्पमध्ये सगळ्यांना माहीत होतं. मीटिंगमध्ये सांगितलं होतं. नुका मीटिंगला होता. (बसला होता. पण एनोकच्या खुर्चीत बसलं की त्याला ऐकू येत नसे.) आणि नुकाने जो शेवट मानला तिथून थोर्किलची सुरुवात व्हायची. थोर्किल सगळ्यात खोलची कांडी आधी घेतो.

हा थोर्किल म्हणजे कापणीच्या टेबलाचा मुख्य. दाढीत कायम बर्फ. बोलायचा असा, की शब्द विमानाने मागवावे लागतात. त्याच्या हाताखाली येप्पे नावाचा नवा विद्यार्थी होता, तो स्वतःच्या वाट्याचं बोलून थोर्किलच्याही वाट्याचं बोलायचा. करवतीखाली पडणारा भुसा झाडायचं काम नुकाचं.

दुसऱ्या दिवशी नुका झाडू घेऊन आत आला, तर टेबलावर रस्सा.

"दार लाव," थोर्किल कुजबुजला. "आणि श्वास तिकडे सोड."

"हे इथे कसं..."

"राख आहे, राख," येप्पे म्हणाला. "ज्वालामुखीची. एवढा जाड थर कोणी बघितलेला नाही. अख्खा डोंगर उडाला असणार, नुका."

"डोंगर नाही उडालेला."

"तुला काय माहीत?"

नुकाला चांगलं माहीत होतं. पण बोललं, तर रस्सा थेट आस्ताच्या कचऱ्याच्या पिशवीत जाणार. त्याने तोंड उघडलं आणि करवत सुरू झाली. तपकिरी भुसा भुरभुर खाली पडायला लागला. तो झाडून बाहेर फेकायचा असतो. नुकाने टोपी काढली, गुडघ्यावर बसला आणि भुसा टोपीत भरायला लागला. कान गोठत होते. गोठू देत.

"हाताला तेलकट लागतंय," येप्पे म्हणाला.

"ड्रिलमधलं तेल," थोर्किल म्हणाला.

दुसरा काप पडला. येप्पे भिंग घेऊन वाकला. "ह्यात पांढरं काहीतरी आहे. लांबट. पुष्कळ आहेत." तो सरळ झाला. "थोर्किल, ही किड्यांची अंडी आहेत."

थोर्किलने चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. (असं त्याने ह्याआधी फक्त मुलगी झाली तेव्हा केलं होतं, अशी कॅम्पमध्ये वदंता आहे.)

तिसऱ्या कापात पान निघालं. चांगलं शिरा दिसणारं, अख्खं पान.

येप्पे खोक्यावर मटकन बसला. "इथे जंगल होतं," तो म्हणाला. डोळ्यांत पाणी. "आपल्या पायाखाली जंगल होतं, नुका."

थोर्किलने भिंतीवरचा रेडिओ उचलला. "कोपनहेगनला फोन लावा. प्रोफेसर झोपले असतील तर उठवा."

चौथा काप पडला. थोर्किल त्यावर वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला. कापात एक नारिंगी चकती होती. गोल, एकसारखी, कडेला तिरकी कापलेली.

"येप्पे," तो म्हणाला, "ह्या जंगलात कोणाकडे तरी सुरी होती."

"आता पुरे," नुका ओरडला. "अजून कापू नका. माझा दादा आहे तो."

येप्पेच्या हातातला चिमटा पडला. त्याने कापाकडे बघितलं, नुकाच्या हातातल्या टोपीकडे बघितलं आणि दोन पावलं मागे सरकला. "तुझा दादा? हा?"

"त्याने केलाय. रस्सा आहे."

"मग ती अंडी?"

"तांदूळ."

"आणि पान?"

"तमालपत्र. आईने बांधून दिलं होतं त्याला."

येप्पेचं जंगल डोळ्यांदेखत तुटलं. थोर्किलने हातमोजा काढून काप नाकाशी नेला. "सुआसात," तो म्हणाला. "मी होतो तेव्हा." मग रेडिओ पुन्हा उचलला. "प्रोफेसरना सांगा, परत झोपा."

"कारण काय सांगू?" रेडिओवरून विचारलं.

"गाजर."

रेडिओ खाली ठेवून तो नुकाकडे वळला. "बर्फात मटण ठेवणारा माणूस मला चालत नाही. पुढच्या विमानाने घरी जा."

"जातो. पण रस्सा घेऊन जाणार."

"विमानात वितळेल."

नुका तिथेच बसला, टोपी मांडीवर, आणि रडायला लागला. तेही धड जमेना. त्या थंडीत पापण्या एकमेकींना चिकटल्या आणि त्याला दिसायचं बंद झालं. "तो वितळला की संपलं ना सगळं," तो आंधळ्यासारखा थोर्किलच्या दिशेने बोलत होता. (दिशा चुकली होती. तिथे करवत होती.) "त्याला खायचा होता तो. एवढंच राहिलं होतं त्याचं. बाकी काहीच सापडलं नाही आम्हाला."

थोर्किलने आपला उघडा हात नुकाच्या डोळ्यांवर ठेवला आणि पापण्या सुटेपर्यंत तसाच धरला.

पापण्या सुटल्या तेव्हा टेबल रिकामं होतं.

"येप्पे कुठे आहे?" नुकाने विचारलं.

येप्पे मनाचा फार चांगला. अशा माणसांपासून देवाने वाचवावं. नुकाचं रडणं त्याला बघवलं नाही, म्हणून सगळे काप, उरलेली कांडी आणि भुशाची टोपीसुद्धा उचलून तो स्वयंपाकघराकडे पळाला होता. नुका धावत पोचला, तोवर पातेलं रटरटत होतं. दारातच वास आला. घरचा वास. त्याला आत पाऊल टाकवेना.

"मला सांगायचं नाहीस का, येड्या?" आस्ता पळी हातात घेऊन रडत होती. "मी काय राक्षसीण आहे? एनोकच्या हातचं मी फेकलं असतं?"

"तू म्हणालीस, ओळखू येत नाही ते..."

"गप्प बस. आज सगळे मिळून जेवणार. टाय लावून."

नुकाला तो रस्सा कोणाला द्यायचा नव्हता. एक चमचासुद्धा नाही. वितळलाच आहे तर निदान एकट्याने, भिंतीकडे तोंड करून, सगळा आपण खावा, एवढंच आता त्याच्या मनात होतं. पण रडणाऱ्या बाईला, त्यातून पळी हातात असलेल्या, हे सांगायचं कसं? त्याने टाय लावला. एनोकचाच होता.

सगळा कॅम्प टेबलाभोवती बसला. लोकरीच्या शर्टांवर टाय, समोर वाट्या. थोर्किल उठला. "एनोक चांगला माणूस होता," तो म्हणाला. "जनरेटर कधी बंद पडला नाही." आणि बसला. एवढं लांब भाषण त्याने आयुष्यात केलं नव्हतं.

बाकी सगळ्यांनी एकेक चमचा तोंडात घातला.

नुकाला चमचा काही उचलवेना. त्याने भोवती बघितलं, तर प्रत्येकाच्या डोळ्यांत पाणी. ड्रिलवरच्या त्या दांडगटांच्यासुद्धा. केवढी माया ह्यांची दादावर, आणि मी ह्यांना चमचाभर द्यायला कचरत होतो. नुकाला स्वतःची लाज वाटली.

थोर्किलने चमचा खाली ठेवला आणि आपली वाटी हळूच नुकासमोर सरकवली. "माझा वाटा मी गेल्या वर्षी घेतला," तो म्हणाला.

"माझीही तूच घे," आस्ता म्हणाली. "घरच्या माणसाचा हक्क पहिला."

"आम्ही कोण खाणारे," येप्पे म्हणाला आणि त्याने वाटी एवढ्या घाईने सरकवली की थोडा रस्सा सांडला. मग टेबलाच्या त्या टोकापासून वाट्या निघाल्या, हातोहात आल्या आणि नुकासमोर रांगेने उभ्या राहिल्या. एकूण एक. ह्या लोकांचं मन एवढं मोठं असेल असं नुकाला वाटलं नव्हतं. त्याने चमचा भरला, डोळे मिटले आणि तोंडात घातला.

मीठ. नुसतं मीठ. एनोकने खारवलेलं मटण घेतलं होतं आणि वरून मुठीने मीठ घातलं होतं, बहुतेक दोनदा. अख्खा समुद्र त्या चमच्यात होता, आणि समुद्राशी नुकाचं आधीच वैर होतं.

त्याने डोळे उघडले. सगळे त्याच्याकडे मायेने बघत होते. कोणी आपली वाटी परत मागेल अशी काही चिन्हं नव्हती.

"गेल्या वर्षी त्याने आमच्यासमोर दोन वाट्या खाल्ल्या," थोर्किल म्हणाला. "आवडल्याचं तोंड करून."

नुकाने आवडल्याचं तोंड केलं. गिळलं. दुसरा चमचा घेतला. डोळ्यांतून धार लागली होती, आणि त्यातली दुःखाची किती आणि मिठाची किती ते त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं. आस्ता उठून त्याच्यामागे येऊन उभी राहिली आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवायला लागली.

"सावकाश, बाळा," ती म्हणाली. "घाई नको करूस. कोणी हात लावणार नाही त्याला. पातेल्यात अजून आहे."