दिवाणखान्यातला बिअरचा नळ

माणसाची प्रगती म्हणजे दुसरं काही नसून, बाहेर जाऊन करायच्या गोष्टी एकेक करून घरात आणून बसवणं होय. पाणी घरात आलं, सिनेमा घरात आला, व्यायामसुद्धा घरात आला (आणि त्यावर टॉवेल वाळत पडले). राहिली होती ती फक्त बारमधल्या नळातून येणारी ड्राफ्ट बिअर. ही उणीव माझ्या साडूभाऊंनी भरून काढली. या कार्यात त्यांनी जे सोसलं त्याची कुठेतरी नोंद असावी, म्हणून हे लिहितो आहे.

साडूभाऊ दंतवैद्य आहेत आणि स्वच्छतेच्या बाबतीत कमालीचे कडक. दर शनिवारी संध्याकाळी ते कोपऱ्यावरच्या बारमध्ये तीन मित्रांबरोबर बसत. एक वकील, एक विमा एजंट आणि एक कर्नल (सैन्याशी संबंध नाही, मिशांशी आहे). तिथलं टेबल डुगडुगायचं, ग्लासवर आधीच्या गिऱ्हाइकाच्या ओठांचा ठसा असायचा आणि वेटरला हाक मारली की तो छताकडे बघायचा. एका शनिवारी साडूभाऊ घरी आले ते काहीतरी ठरवूनच.

"त्या नळाची नळी कोणी कधी धुतली असेल का गं?" त्यांनी बायकोला विचारलं. त्यांची बायको म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. आम्ही सगळे त्यांना ताई म्हणतो. त्या शाळेत भूगोल शिकवतात.

"मग जाऊ नका तिथे," ताई म्हणाल्या.

उपाय इतका सोपा होता की तो विचारात घेणं शक्यच नव्हतं.

साडूभाऊंनी घरातच नळ बसवायचं ठरवलं. यंत्रणा तशी सुटसुटीत असते. फ्रिजमध्ये बिअरचं पिंप ठेवायचं, शेजारी गॅसची टाकी उभी करायची. गॅस बिअरला नळीत ढकलतो, नळी नळापर्यंत जाते आणि नळाखाली ग्लास धरून माणूस उभा राहतो. यातला माणूस घरात आधीपासून होता. बाकीचं सगळं आणलं. पिंप मावेना म्हणून फ्रिजचे कप्पे काढले. कप्प्यांतल्या भाज्या ओट्यावर आल्या आणि दूध शेजारणीच्या फ्रिजमध्ये गेलं. या शेजारणीशी तोवर गाडी कुठे लावायची यावरून फक्त भांडण होतं. आता ती रोज सकाळी दार वाजवून "तुमचं दूध घेऊन जा" म्हणू लागली. म्हणजे संबंध सुधारलेच म्हणायचे.

उद्घाटनाला आम्ही दोघं साडू आणि दोघी बहिणी हजर होतो. साडूभाऊंनी नळ उघडला. ग्लासभर फेस आला, नुसता फेस, दाढी करावी असा. बराच वेळ वाट पाहिल्यावर तळाशी चमचाभर बिअर उतरली. ती पिऊन साडूभाऊ म्हणाले, "चव मात्र उत्तम आहे."

मग त्यांनी गॅसचा दाब कमी केला. बिअर आली, पण तपासणीला द्यायच्या नमुन्यासारखी निपचित. दाब वाढवला, पुन्हा फेस. अभ्यासाअंती असं निष्पन्न झालं की नळी आखूड आहे. लांब नळीतून जाताना बिअरचा जोर घासून घासून उतरतो (कचेऱ्यांतून फिरणाऱ्या अर्जदाराच्या बाबतीतही हेच तत्त्व लागू पडतं). तेव्हा नळ स्वयंपाकघरातून दिवाणखान्यात आला आणि नळी झोपायच्या खोलीतून फिरवली. पण एवढ्या लांबच्या प्रवासात नळी तापते आणि तापली की परत फेस. म्हणून खोलीतला एसी जास्तीत जास्त थंडीवर अहोरात्र चालू ठेवण्यात आला.

"अहो, मी कानटोपी घालून झोपतेय," ताई म्हणाल्या.

"थंडीत झोप चांगली लागते."

"बाहेर लोक घामानं निथळतायत!"

"त्यांच्याकडे नळी नाही."

ताईंनी बॅग भरली आणि त्या आमच्याकडे राहायला आल्या. निघताना साडूभाऊंनी त्यांना एवढंच सांगितलं की खोलीचं दार नीट लाव, गारवा जातो.

त्याच संध्याकाळी यंत्रणा यशस्वी झाली. सोनेरी बिअर, वर दोन बोटं फेस, ग्लासला बाहेरून बारीक थेंब. साडूभाऊंनी ग्लास उजेडात धरला आणि मागे वळून पाहिलं. दाखवायला घरात कोणी नव्हतं.

पण पिंप उघडलं की फार दिवस टिकत नाही. त्यांनी मित्रांना बोलावलं. चपला बाहेर, हात साबणानं धुऊन, ग्लास तिरपा धरून, आणि साडूभाऊंनी दाबाविषयी दोन शब्द सांगितल्याशिवाय पहिला घोट नाही. (ते दोन शब्द सुरू झाले तेव्हा फेस होता. संपले तेव्हा नव्हता.) मित्रांनी तोंड भरून कौतुक केलं. पुढच्या शनिवारी वकिलांची सासू आजारी पडली, कर्नलची मिशी दुखू लागली आणि विमा एजंट तेवढा आला, गॅसच्या टाकीचा विमा उतरवायला.

तो गेल्यावर साडूभाऊ थोडा वेळ नळासमोर बसले. मग चपला घालून कोपऱ्यावर गेले.

तिघंही तिथे होते. डोक्यावरचा पंखा कधी पडेल आणि पडला तर कोणावर, यावरून जुंपली होती. साडूभाऊ दारातच थांबले.

"ये डॉक्टर, बस," वकील जरा ओशाळून म्हणाले. "तुझी जागा पंख्याखाली. आम्ही तीच सोडलीये."

वेटरनं न सांगता ग्लास आणून आपटला. त्यावर ओठांचा ठसा होता. साडूभाऊंनी रुमालानं तो पुसला आणि घोट घेतला.

"कशी आहे?" कर्नलनं विचारलं.

"भिकार," साडूभाऊ म्हणाले. "अजून एक सांग."

दुसऱ्या दिवशी ते आमच्या दारात उभे होते.

"घरी चल," ते ताईंना म्हणाले. "एसी बंद केला. नळी काढली."

"आणि पिंप?"

"ते अजून फ्रिजमध्येच आहे. जड आहे गं. एकट्याला उचलत नाही."

 ताई हसल्या आणि बॅग आणायला आत गेल्या.

अखेर साडूभाऊंनी सगळी यंत्रणा विकायची जाहिरात दिली. कशामुळे विकतोय हे प्रामाणिकपणे सविस्तर लिहिलं: फेस, थंडी, बायको, मित्र, सगळं. इतकं वाचल्यावर कोण फोन करणार, असं आम्हाला वाटलं होतं. पण फोन थांबेनात. फोन करणारा प्रत्येक जण आधी पोट धरून हसायचा, "तुमचं काय चुकलं ते मला कळलंय" म्हणायचा आणि मग हळूच विचारायचा, "नळ पितळी आहे का हो?"

तुम्हीही आता तेच विचारणार आहात. पितळी आहे. येताना फ्रिजचं मोजमाप घेऊन या.