साडेचारला अडकलेलं व्याख्यान

छातीठोकपणे सांगतो, माझ्या कार्यक्रमातून अर्ध्यात उठून जाणारा श्रोता आता सापडायचा नाही! आजवर सगळेच उठून जायचे, ती गोष्ट वेगळी.

मी एका संग्रहालयात व्याख्यानं ठरवतो. संग्रहालय म्हणजे एका नामांकित डॉक्टरांचं जुनं घर. त्यांचा पलंग, त्यांची छत्री, त्यांचं न्हाणीघरसुद्धा, सगळं लाल दोरीपलीकडे जपलेलं. डॉक्टरांची नात आमच्या अध्यक्ष. त्यांनी मला बोलावून स्पष्टच सांगितलं, "यापुढे एकदा जरी लोक मधून उठून गेले ना, तर व्याख्यानमाला बंद! आणि तुम्ही तळघरात, फडकं मारायला."

फडक्याचं काही नाही हो! तळघरात डॉक्टरांनी जमवलेले मानवी सांगाडे आहेत.

पण मी डोकं लढवलं. दिवाणखान्याची लाकडी जमीन जुनी, म्हणून चपला बाहेर काढाव्याच लागतात. त्या सगळ्या मी एका खोलीत ठेवल्या, कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. आता जा म्हणावं अनवाणी!

वक्ते होते एक निवृत्त प्राध्यापक. "मी मनगटाला घड्याळ बांधत नाही," ते म्हणाले. "किती वाजता संपवू?"

"पाचला. समोरच भिंतीवर मोठं घड्याळ आहे, सर."

इथे माती खाल्ली मी! ते घड्याळ डॉक्टर वारले तेव्हा साडेचारला थांबवलेलं. तेव्हापासून त्याला कुणी हात लावलेला नाही. रोज बघून बघून ते बंद आहे हेच मी विसरलो होतो. त्यात स्वागत, सत्कार उरकून सर उठले तेव्हा खरंच साडेचार वाजले होते!

विषय होता डॉक्टरांचं कार्य. सरांनी डॉक्टरांच्या पणजोबांपासून सुरुवात केली. बऱ्याच वेळाने डॉक्टरांचा जन्म झाला. मी मागे उभा राहून घड्याळाकडे बोट दाखवलं. सरांनी घड्याळ पाहिलं, खुलले आणि म्हणाले, "वेळ भरपूर आहे. त्यांच्या आत्यांबद्दलही थोडं सांगतो."

आत्या सहा होत्या!

मी चिठ्ठी नेऊन दिली, 'कृपया घड्याळ पाहा.' सरांनी पाहिलं. "पाहतोय, पाहतोय, काळजी नको." दुसरी चिठ्ठी नेली, 'घड्याळ बंद आहे.' ती न वाचताच त्यांनी खिशात टाकली. "प्रश्न शेवटी घेऊ." मोठ्याने सांगावं तर सरांशेजारी अध्यक्षबाई बसलेल्या, डोळे मिटून, मान डुलवत. व्याख्यानात रमल्या होत्या की झोपल्या होत्या, देव जाणे. त्यांच्यादेखत पाहुण्यांना थांबवलं असतं तर माझं तळघर पक्कं होतं.

ऊन लागून वस्तू विटतात म्हणून पडदे कायम ओढलेले. त्यामुळे बाहेर अंधार पडला तरी सरांना पत्ता नाही. इकडे श्रोते माझ्याभोवती गोळा झाले.

"अहो, चपला द्या!"

"शेवटी मिळतील."

"शेवट कधी आहे?"

गर्दी दिसावी म्हणून बायकोला आणि सासूबाईंना आणून बसवलं होतं. सासूबाईंनी हाक मारली, "जावईबापू, न्हाणीघर कुठंय?"

"आहे, पण ते बघायचं आहे, वापरायचं नाही."

सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की सांगाडे बरे वाटले. बायको दात-ओठ खात म्हणाली, "घरी चला, मग बघते!"

आता घर असं राहिलंच कुठे होतं? मी हात टेकले. तेवढ्यात सर म्हणाले, "बाळ डॉक्टर होडीत बसले आहेत. सगळ्यांनी डोळे मिटा. ती नदी बघा!" आणि त्यांनी स्वतःही डोळे मिटले.

सगळ्यांचे डोळे मिटलेले! स्टूल घेतलं, लाल दोरी ओलांडली, काच उघडली आणि मोठा काटा सरळ बारावर नेला. इतकी वर्षं आवळलेली स्प्रिंग सुटली. टण! टण! टण! पाच झाले, सात झाले, बारा झाले, थांबायचं नावच नाही! मी कसाबसा उतरून स्टुलावर साळसूदपणे बसलो.

सरांनी डोळे उघडून घड्याळ पाहिलं. "पाच वाजले! माझं भाषण वेळेत संपतं म्हणजे संपतं." टाळ्यांचा असा कडकडाट त्या घराने कधी ऐकला नसेल. बाई तर ढसाढसा रडू लागल्या. "आजोबा! आजोबांनी संकेत दिला हो!"

मी हळूच स्टूल मागे सरकवलं. मी काटा फिरवला तेव्हा बायकोचा एक डोळा उघडा होता, एवढं मात्र मी पाहिलं होतं.

व्याख्यानमाला वाचली. तळघर टळलं. बाईंनी माझी पाठसुद्धा थोपटली. मग म्हणाल्या, "यापुढे आजोबांनी ठोके दिले की मगच व्याख्यान संपवायचं." घड्याळाला काचेची पेटी केली, तिला कुलूप घातलं, किल्ली बाईंच्या पर्समध्ये. चपलांची युक्तीही त्यांना फार आवडली. तीही किल्ली त्यांच्याच पर्समध्ये.

हे मी शेवटच्या रांगेत बसून लिहितोय. सरांच्या व्याख्यानाचा दुसरा भाग चालू आहे. डॉक्टरांचं नुकतंच पहिलीत नाव घातलंय. घड्याळात पाच वाजून गेलेत आणि ते पुन्हा बंद पडलंय. बाईंनी मान डुलवत डोळे मिटलेत. कुणाला पेटीचं कुलूप उघडता येत असेल तर कृपा करून या. येताना चपला मात्र पिशवीत लपवून आणा. माझ्या चपला कुलपात अडकल्यात.