टेकाटोलीचा उजेड आणि त्याच्या आड येणारी तार

आकाश सर्वांचं असतं, खांब मात्र कोणाच्या तरी अखत्यारीत येतो. म्हणूनच आकाशाबद्दल कोणीही बोलू शकतं आणि खांबाबद्दल कोणीच बोलत नाही.

आमगाव तालुक्यातल्या टेकाटोलीत (लोकसंख्या अकराशे त्रेचाळीस, मोबाईल त्याहून थोडे जास्त) अंगणवाडीच्या आवारावरून विजेची उघडी तार जाते. ऑगस्टच्या वादळात एक खांब कलला आणि तारेला झोळ पडला. वादळाची नोंद झाली, खांबाची राहून गेली.

ती गुंजनच्या डोक्यात झाली. गुंजन ही तीन वर्षांच्या आचलची आई. शिक्षण बी.एस्सी., पण काळजी हा तिचा मुख्य विषय. सासूबाईंचा, म्हणजे वच्छलाबाईंचा, कपडे वाळवायचा बांबू तारेपासून लांब उभा करून, एक डोळा मिटून तिनं माप घेतलं. सात फूट दहा इंच. मग तिनं अर्ज केले, एकूण तीन. वीजवाल्यांनी कळवलं की आवार पंचायतीचं आहे. पंचायतीनं कळवलं की तार वीजवाल्यांची आहे. बालविकासवाल्यांनी कळवलं की मुलं आमचीच आहेत, पण फक्त दहा ते दोन. तिन्ही उत्तरं बरोबर होती. चूक कुठंच नसल्यानं दुरुस्तीचाही प्रश्न आला नाही.

दिवाळी झाली, गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, भरली. मंडईच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी सात वाजून वीस मिनिटांनी, तलावाच्या पारीच्या, म्हणजे बांधाच्या, वर आकाशात एक उजेड दिसला. हलेना, लुकलुकेना. पाऊण तास राहिला आणि गेला. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा हजर. गावातल्या कोणत्याही कर्मचाऱ्याला हे आजवर जमलेलं नव्हतं, त्यामुळे उजेडाबद्दल आदर वाढला.

गावात चिंचा, आंबे, मोहाची झाडं फार. उजेड नीट दिसेल अशी मोकळी जागा एकच निघाली, अंगणवाडीचं आवार. पहिल्या दिवशी तिथे तीस माणसं होती, पाचव्या दिवशी चारशे. मंडईला आलेले पाहुणे परत जाईनात. (उजेडाविरुद्ध जे काही मत पडलं, ते स्वयंपाकघरातून पडलं.)

मोबाईल दुरुस्तीचं दुकान आणि स्वतःचं चॅनल चालवणाऱ्या विक्कीनं दोनशे प्रौढांचा कौल घेतला. उपग्रह म्हणणारे बावन्न, ड्रोन सत्तेचाळीस, देवी अडतीस. नागझिऱ्याचे वाघ आता वरून मोजतात म्हणणारे एकोणतीस. धानाच्या नुकसानीचा पंचनामा वरच्यावरच होऊन राहिला म्हणणारे एकवीस. 'बाकीचे काय म्हणतात ते आधी सांगा' म्हणणारे बारा. उरलेल्या एका व्यक्तीनं तारेकडे बोट दाखवलं. ते मत 'विषयांतर' या सदरात गेलं.

विक्कीलाही तार दिसली होती, नाही असं नाही. चित्रात उजेडावरून काळी रेघ येते म्हणून तो लोकांना दोन पावलं डावीकडे सरकायला सांगे. लोक सरकत. डावीकडे तार आणखी खाली होती.

पलीकडच्या गावानं उजेड आपल्या शिवारावर असल्याचा दावा केला. तेव्हा ग्रामसभेनं हात वर करून ठराव केला की उजेड टेकाटोलीचाच आहे आणि तो अंगणवाडीतूनच पाहावा.

आता लेकरांना दिसावं म्हणून बाप त्यांना खांद्यावर घेऊ लागले. (खांद्यावर घेतल्यानं उजेड किती जवळ येतो, याचा आकडा उपलब्ध नाही. तार किती जवळ येते, याचा आहे.) भूपेंद्रचा, म्हणजे गुंजनच्या नवऱ्याचा, खांदा चार फूट आठ इंचांवर. त्यावर बसलेली, हात वर केलेली आचल दोन फूट नऊ. बेरीज सात फूट पाच. शिल्लक पाच इंच. गुंजननं हे त्याला दुपारी कागदावर दाखवलं. त्यानं कागद नीट वाचला, गणित बरोबर आहे म्हणाला आणि संध्याकाळी आचलला खांद्यावर घेतलं, कारण सगळ्यांनीच घेतलं होतं.

"बाबा, मी पकडू?" आचल म्हणाली.

"पकड," भूपेंद्र म्हणाला आणि टाचा उचलल्या.

टाचांचा हिशेब कागदात नव्हता. गुंजननं त्याला शर्टाला धरून असं मागं ओढलं की दोन बटणं तुटली आणि आचल रडायला लागली. लोक हसले. वच्छलाबाई शेजारणीला म्हणाल्या, "हिले साऱ्याचंच भेव. घरात पाल दिसली तरी अर्ज करते."

गर्दीत लाइनमन चुन्नीलाल होता. नातवाला खांद्यावर घेऊन, नेमका तारेखाली. गुंजननं त्याला हलक्या आवाजात विचारलं, "चुन्नीलालभाऊ, ही तार दिसते ना तुम्हाला?"

"दिसते ना जी. पण ड्युटी पाचले संपली. आता मी पब्लिक आहो."

मग ती सरपंच योगराजजींकडे गेली. योगराजजी भले माणूस. कोणाचंही पूर्ण ऐकून घेतात, मगच नाही म्हणतात.

"सूनबाई," ते मायेनं म्हणाले, "सारं गाव वर पाहून राहिलं. तुझी नजर मंधातच काऊन थांबते?"

गुंजन घरी आली. आचल झोपल्यावर तिच्या उजव्या हाताची बोटं तिनं एकेक करून पाहिली. पाची होती. ती पुन्हा मोजली. मग योगराजजींच्या प्रश्नावर शांतपणे विचार केला आणि तिला पटलं की चूक आपलीच होती. तीन अर्जांत आपण 'धोका', 'लहान मुलं', 'जीवित' असले शब्द वापरले. ज्या कार्यालयात रोज हेच शब्द येतात, तिथे त्यांचं काय कौतुक? तालुक्याहून मोठे साहेब शनिवारी उजेड पाहायला येणार होते. तिनं चौथा अर्ज लिहिला. विषय : मा. साहेबांच्या छायाचित्रात उजेडाच्या मध्यभागी काळी रेघ येण्याबाबत.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठला चुन्नीलाल, दोन मदतनीस आणि एक शिडी हजर. (ड्युटी नऊची.) चाळीस मिनिटांत खांब सरळ झाला, तार ताणून एकोणीस फुटांवर गेली. नोंदवहीत कामाचं कारण लिहिलं गेलं, 'आकाशदर्शनातील अडथळा दूर करणे'. आठवड्याच्या आत गुंजनच्या पहिल्या तिन्ही अर्जांचं एकत्रित उत्तरही आलं. प्रत्यक्ष पाहणीत तार योग्य उंचीवर आढळली, तक्रारीत तथ्य नाही, अर्जदारानं यापुढे कार्यालयाचा वेळ घेऊ नये. गुंजननं ते पत्र दोनदा वाचलं. आयुष्यात खोटं ठरण्याचा एवढा आनंद तिला कधी झाला नव्हता.

पण हे पत्र नंतरचं. त्याआधी शनिवार झाला. साहेब आले, छायाचित्र निघालं, रेघ आली नाही. सत्काराचा नारळ योगराजजींना मिळाला. साहेबांबरोबर गोंदियाहून एक प्राध्यापक आले होते. तो उजेड कसला, हे त्यांनी साडेतीन मिनिटांत, पुराव्यासह, कोणालाही कळेल असं सांगितलं. चारशे माणसं थक्क झाली. विक्कीच्या कौलातल्या एका गटानं तर टाळ्या वाजवल्या.

गुंजननं ते ऐकलं नाही. ती तिथं नव्हतीच. अंगणवाडीवरची तार ताणली तेव्हा तिथला झोळ कुठं गेला, हा प्रश्न तिला दुपारी भाकरी करताना पडला होता. तो कुठंही गेला नव्हता, फक्त पुढच्या दोन खांबांमध्ये सरकला होता. म्हणजे शाळेसमोरच्या रस्त्यावर, जिथून उजेड पाहायला येणारे येतात-जातात. सगळं गाव वर पाहत असताना ती तिथं सासूबाईंचा बांबू लांब उभा करून, एक डोळा मिटून माप घेत होती. आचल पायाशी बसून खडे वेचत होती.

अजूनही माहेरहून, मैत्रिणींकडून तिला फोन येतात. सगळ्यांचा प्रश्न एकच, तो उजेड शेवटी कसला निघाला? ती म्हणते, विक्कीला विचारा. तिच्याजवळ दुसराच एक आकडा आहे, तो कोणी विचारत नाही.

तुम्हालाही प्राध्यापक काय म्हणाले तेच हवं आहे, हे दिसतंच आहे. हरकत नाही, टेकाटोलीला या, कोणीही सांगेल. वाट शाळेवरूनच आहे. फक्त लेकरू खांद्यावर असेल तर तेवढं खाली उतरवून घ्या.