जपानहून आलेला कोट

एका जंगलात, मुलांनो, चक्क विद्यापीठ होते. तिथे वेशभूषा हा विषय शिकवत. प्राण्यांना अंगभर केस असल्यामुळे कपड्यांची गरज नव्हती, म्हणूनच या विषयाला फार मान होता.

मंजुळा नावाची खार शेवटच्या वर्गात होती. कुलगुरू कोल्ह्याने तिला जपानच्या अभ्यास दौऱ्यावर पाठवले. तिथली रस्त्यावरची फॅशन बघून यायचे, सभेत अहवाल द्यायचा. पसंत पडला तर पदवी, नाही तर पुन्हा पहिलीपासून.

टोकियोत हाराजुकूच्या गल्लीत मंजुळा हरखून गेली. एका मुलीने एकावर एक तीन फ्रॉक घातले होते. एका आजोबांचे केस निळे होते, आणि त्यांच्याकडे वळून कुणी बघतसुद्धा नव्हते. रस्ता मोकळा असूनही माणसे लाल दिव्यापाशी थांबली होती. जंगलाची अब्रू जाऊ नये म्हणून मंजुळाही थांबली.

मग तिने भाताचा एक त्रिकोणी गोळा खाल्ला आणि त्याचा कागद टाकायला डबा शोधू लागली. दुपार गेली, डबा काही सापडेना. शेवटी तिने तीन फ्रॉकवालीला विचारले. त्या मुलीने आपली चमचमती पर्स उघडून दाखवली. आत घडी घातलेले कागद होते.

"ज्याचा कचरा त्यानं घरी न्यायचा," ती म्हणाली.

मंजुळाला मनापासून लाज वाटली. तिच्या जंगलात कचरा ओढ्यात टाकायची वहिवाट होती. तिने तिथल्या तिथे कानाला खडा लावला. आता घर म्हणजे तिचे जंगलच की! पंधरा दिवसांचे सगळे कागद तिने दौऱ्यासाठी घातलेल्या कोटाच्या खिशांत कोंबले. उरलेले टाचण्यांनी कोटावर टोचले आणि ती परत आली.

तिला बघताच कोल्हा म्हणाला, "हीच ती जपानी फॅशन." मंजुळा काही बोलणार, तोवर टाळ्या सुरू झाल्या.

दुसऱ्या दिवशी कोल्हीणबाई कानात बिस्किटाचा कागद खोवून आल्या. मग काय विचारता! जो तो ओढ्यात उतरून कागद वेचू लागला. रानडुकराने दोन्ही सुळ्यांवर वेफर्सचे पुडे चढवले. आठ दिवसांत ओढ्याचा तळ दिसू लागला आणि खेकडे परत राहायला आले.

सभेच्या दिवशी मंजुळाच्या आईने तिला बाजूला घेतले. "गप्प राहा गं बाई. ओढा वाहतोय, तुला पदवी मिळतेय. कुणाचं काय अडलंय?"

पण मंजुळा पडली प्रामाणिक. सिंहापुढे उभी राहून ती म्हणाली, "महाराज, ही फॅशन नाही, हा कचरा आहे. तिथे ज्याचा तो कचरा घरी नेतो. मी एवढंच शिकून आले."

कोल्हीणबाईंनी कानातला कागद काढला, निरखून पाहिला आणि ओढ्यात टाकला. मागोमाग एकजण सोडून सगळ्यांनी आपापले कागद टाकले. संध्याकाळपर्यंत ओढा तुंबला.

मंजुळाला पहिलीत बसवले. त्या वर्षीची पदवी कावळ्याला मिळाली. तो जपानला गेलाच नव्हता, पण गळ्यातला कागद न काढणारा तो एकटाच होता.

तात्पर्य : मुलांनो, नेहमी खरे बोलावे; फक्त आधी ओढा पूर्ण साफ होऊ द्यावा.