पंधरा दिवस कुरकुरीत

ओट्यावर तीन पिशव्या ओळीने उभ्या होत्या. एक खिडकीवाली कागदी, एक पारदर्शक आणि एक चंदेरी. तिघींच्या पोटात सुनेने भाजलेली तिळाची बिस्किटं. आज पंधरावा दिवस.

मागच्या खेपेला बिस्किटं आठवड्यात मऊ पडून दुकानातून परत आली होती. दुकानदाराने बजावलं होतं, "ताई, पंधरा दिवस टिकतील अशी पिशवी आणा, नाहीतर फळी दुसऱ्याला देतो." पारखायला आणलेल्या या तिन्ही पिशव्यांची तोंडं केस सरळ करायच्या गरम चिमट्याने चिकटवायची होती. पण चंदेरी चिकटते न चिकटते तोच बाळ उठलं. बाकी दोघींची नुसती झिप दाबून सून पळाली होती.

आता बाळाला कडेवर घेऊन तिने कागदी उघडली, एक बिस्कीट चावलं. कडम्! मग पारदर्शक. कडम्!

"कागदातसुद्धा!" तिचा विश्वासच बसेना. "मग महागाची चंदेरी हवी कशाला? हीच मागवते. पाचशे."

"चंदेरीच घे गं," सासूबाई घाईघाईने म्हणाल्या.

"का हो आई?"

"अशीच. चकचकीत दिसते."

"आई, त्यात बिस्किटं दिसत नाहीत." तिने फोन उचलला. आकडा टाकला. बोट बटणावर टेकणार तोच सासूबाई ओरडल्या, "थांब! कागदीतली कालची आहेत!"

"कालची?"

"पहिल्या दिवशी एकच खाल्लं. डॉक्टरांनी गोड बंद केलंय ना, तेव्हापासून जास्तच आठवतं मेलं. मग पिशवी रिकामी दिसायला लागली, म्हणून तुझ्या डब्यातली ताजी भरत गेले. रोज."

नवरा पोट धरून हसायला लागला. "कमाल आहे आई तुझी! या वयात चोरी!"

"आणि पारदर्शक?" सुनेने विचारलं.

"तिला मी हात लावला असेल तर शपथ."

हसणं मधेच थांबलं. नवऱ्याला अचानक खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचं दिसलं.

"तूसुद्धा?" सून त्याच्याकडे वळली.

"भरली होती की परत," तो पुटपुटला. "वरपर्यंत."

आता उरली चंदेरी. कात्रीशिवाय न उघडणारी, म्हणून पंधरा दिवस सुखरूप राहिलेली. सुनेने कापली, एक बिस्कीट काढलं आणि डोळे मिटले. मऊ निघालं तर फळी गेली. सासूबाईंनी पदर तोंडाशी धरला.

कडम्!

बाळ दचकलं आणि खुदकन हसलं. सून तिथेच स्टुलावर बसली. खांद्यावरचं पंधरा दिवसांचं ओझं कुणीतरी अलगद उतरवून ठेवल्यासारखं तिला वाटलं. सासूबाईंनी तिच्या केसांवरून हात फिरवला.

चार दिवसांनी ती दुकानासाठी मागवलेल्या चंदेरी पिशव्या भरून एकेक करून चिमट्याने चिकटवत होती. नवऱ्याने डोकावून विचारलं, "यांना झिप आहे की. मग चिकटवतेस कशाला?"

"दुकानापर्यंत पोचायला हव्यात ना," ती म्हणाली.