खालच्या मजल्याची वहिवाट

विलास मगदूम हेडफोन लावून बेस गिटारचा सराव करायचे आणि तो आवाज खालच्या फ्लॅटमध्ये, आवटीकाकूंच्या हॉलमध्ये, गळायचा. सांगलीतल्या विश्रामबागेत ती इमारत होती आणि तिथे स्लॅब गळण्याचं कुणाला नवल नव्हतं. बाकीच्यांकडे पाणी गळायचं, काकूंकडे हे.

विलासरावांचं चष्म्याचं दुकान होतं. गावातल्या इतर दुकानांसारखं तेही दुपारी बंद व्हायचं. घरी येऊन ते जेवत, पडदा ओढत आणि खुर्चीत गिटार घेऊन बसत. एकटा जीव, पन्नाशी उलटल्यावर शिकायला घेतलेलं वाद्य, तेव्हा याची वाच्यता त्यांनी कुठे केली नव्हती. दुपारी सगळी इमारत आडवी झालेली असे, म्हणून हेडफोन. खोलीत ऐकू यायची ती फक्त तारेवर बोट घासल्याची खसखस. पण खर्जातला आवाज अंगानं जड. कानांत मावेल तेवढा मावतो, उरलेला अंगातून खाली उतरत तळपायांशी येतो आणि तिथून फरशीत मुरतो. विलासरावांना हे ठाऊक नव्हतं. ते कळलं सोसायटीचे सेक्रेटरी कुलगोड दारात येऊन उभे राहिले तेव्हा.

कुलगोड त्यांना खाली घेऊन गेले. आवटीकाकू सत्तरीच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या, नवऱ्यामागे एकट्याच राहणाऱ्या. त्यांनी चपला बाहेर काढून यायला सांगितलं. हॉलमध्ये आवाज घोट्यापर्यंत साचलेला होता. तो दिसत नव्हता, ओलाही नव्हता. देवळात मोठी घंटा वाजून गेल्यावर दगडी फरशीवर पाय ठेवला की जसं वाटतं, तसं फक्त वाटत होतं. काकूंचा लोकरीचा गुंडा त्यावर तरंगत सावकाश बाल्कनीकडे निघाला होता. विलासरावांनी तो पायानं अडवला आणि माफी मागितली.

"मी कुठे तक्रार केलीय," काकू म्हणाल्या.

तक्रार त्यांच्या मुलाची होती. सुहास पुण्याला असे. आईनं आता एकटं राहू नये, फ्लॅट विकून आपल्याकडे यावं, असं त्यानं ठरवलं होतं, आणि काकूंनी त्याला नाही म्हटलं नव्हतं. त्या मुलाला कशालाच नाही म्हणत नसत. पण गळका फ्लॅट विकायला सोसायटी ना हरकत दाखला देत नव्हती.

विलासरावांनी तिथल्या तिथे सांगून टाकलं की आपण उद्यापासून वाजवणं बंद करतो.

कुलगोडांनी मान हलवली. "तसं चालणार नाही, विलासराव. नियमात वाजवणं बंद करण्याची तरतूद नाही. गळती बंद करण्याची आहे. वरच्यानं फरशी करून घ्यायची."

त्याप्रमाणे अन्वर मिस्त्री आले. त्यांनी विलासरावांची फरशी उकरली, खाली केमिकल मारलं, वर नवा कोबा घातला. हे पाणी नाही, हे त्यांच्या लगेच लक्षात आलं होतं. पण खाली जाणारी गोष्ट अडवायची तर पद्धत एकच, असं त्यांचं म्हणणं पडलं. कोबा वाळला आणि गळती थांबली.

आता आवाज विलासरावांकडेच साचू लागला. आधी घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. ते दुकानातून येत तेव्हा खाट भिंत सोडून खोलीच्या मधोमध आलेली असे आणि उशी स्वयंपाकघराच्या दारात घुटमळत असे. त्यांचं चालणं मंद झालं. एक सूर छेडला की आदल्या दिवशीचे सूर हलून अंगाला लागत, आणि आपण आत्ता काय वाजवलं अन् काल काय, हे त्यांना उमगेना. ते खाटेवर बसून वाजवू लागले. खाट सगळ्या खोलीभर हळूहळू फिरत राही. ते सुखाचं होतं, पण त्यात शिकणं होईना.

एका दुपारी आवटीकाकू वर आल्या. साडी जराशी उचलून त्या आत शिरल्या, आवाज कापत कापत खाटेपर्यंत पोचल्या आणि कडेला टेकल्या. खाट एक फेरी मारून खिडकीशी आली.

मग काकूंनी सांगितलं की घर कोरडं पडलंय. नळ, फ्रिज, घड्याळ, सगळं मोठमोठ्यानं बोलतं. दुपारी डोळा लागत नाही. आधी त्या खुर्चीत बसून पाय आवाजात सोडायच्या आणि विणायच्या, आणि विणताना कधी झोप लागायची ते कळायचं नाही. हे असं नवरा गेल्यानंतर पहिल्यांदाच झालं होतं. आता घर विकायला मोकळं झालंय आणि सुहास शनिवारी येतोय.

"त्याला सांगा ना, जायचं नाही म्हणून."

"कशाच्या जोरावर सांगू? घर कोरडं झाल्यावर काय कारण सांगायचं?" काकू म्हणाल्या. मग काहीतरी आठवल्यासारख्या थांबल्या. "माझं माहेर तासगावचं. वरच्या रानातलं पाणी खालच्या रानात यायची वहिवाट असते, विलासराव. वरच्याला मध्येच बांध घालता येत नाही. माझी वहिवाट मोडलीय."

त्यांनी तसा अर्ज केला. कमिटी पाहणीला आली आणि पँटचे पाय दुमडून विलासरावांच्या खोलीत उभी राहिली. आधी कुणी बसायला तयार नव्हतं, मग बसल्यावर कुणी उठायला तयार होईना. कुलगोडांनी डोळे मिटून दोन्ही बाजू मांडल्या. गळती ही गैरसोय. पण जिला गैरसोय झाली ती बाई गैरसोय मागते आहे. आणि मागून घेतलेली गळती ही गळती नव्हे, तो पुरवठा. पुरवठा बंद पाडणं सोसायटीला शोभत नाही. हे सगळ्यांना पटलं. अन्वर मिस्त्रींना पुन्हा बोलावून कोब्याला भोक पाडायचं ठरलं.

मिस्त्रींना शनिवारीच सवड झाली; तोवर वरचा आवाज छातीपर्यंत चढला होता. खाली सुहास कागद घेऊन आईसमोर बसला होता. त्यानं पेनाचं टोपण काढलं आणि त्याच वेळी वर भोक पडलं. साचलेला सगळा आवाज एकदम उतरला. हॉल छातीपर्यंत भरला, खुर्च्या उचलल्या गेल्या, कागद टीपॉयवरून सुटून बाल्कनीकडे गेले. सुहासनं ते धरायला हात पुढे केला तो तसाच राहिला. त्याची खुर्ची आईच्या खुर्चीला येऊन टेकली. लहानपणी आजारपणात टाकायचा तशी त्यानं मान आईच्या खांद्यावर टाकली आणि तो झोपला. काकू हलल्या नाहीत.

तो जागा झाला तेव्हा आवाज ओसरून गुडघ्याशी आला होता आणि उन्हं कलली होती.

"हे रोज असतं?" त्यानं विचारलं.

"वरच्या विलासरावांनी दुपारी दुकान उघडं ठेवलं नाही तर."

चहा झाल्यावर काकू म्हणाल्या, "मी येत नाही रे पुण्याला." आईकडून त्यानं असं कधी ऐकलं नव्हतं. त्यानं मान डोलावली, कपाटाखाली अडकलेले बूट शोधून काढले आणि कागद न घेताच तो निघाला. जाताना कुलगोडांना भेटून त्यानं तक्रार मागे घेतली आणि दर महिन्याला एक शनिवार येईन, असं सांगितलं. त्यांनी त्याला दुपारी यायला सुचवलं.

सोमवारी विलासराव दुकान बंद करून घरी आले तेव्हा जिन्यात काकू भेटल्या. हातात पिशवी होती. "एक सांगू का?" त्या म्हणाल्या. "तुमची सगळ्यांत जाड तार उतरलेली असते. खाली एका बाजूला कलल्यासारखं होतं. वाटी टेबलावर ठरत नाही."

आपलं वाजवणं कुणी इतकं लक्ष देऊन घेत असेल, हे विलासरावांच्या कधी मनातही आलं नव्हतं. वर जाऊन त्यांनी पडदा ओढला, हेडफोन लावले, पाय भोकाच्या दोन्ही बाजूंना टेकवले आणि जाड तारेची खुंटी थोडी पिळली. तार छेडली. थोड्या वेळानं खालून केरसुणीच्या दांड्याचा एक ठोका तळपायाला जाणवला. त्यांनी खुंटी आणखी जराशी पिळली आणि पुन्हा तार छेडली.

खालून दोन ठोके आले. विलासरावांनी वाजवायला सुरुवात केली.